लेकीच्या घराबाहेरचं हॉट चॉकलेट

विहीणबाई, तुमच्या दारावर येणाऱ्या माणसांचा मला वीट आला आहे. सकाळी चटई अंथरली की दुपारपर्यंत ओळ तुटत नाही. बायका ओट्यापासूनच पदर तोंडाला लावून येतात, ठरलेलं रडणं रडतात, मग शेजारून आलेला चहा बशीत ओतून फुंकर मारतात आणि तुमचं कौतुक सुरू करतात. कौतुक एकच. काय बाई होती, लेकीला मूल नाही म्हणून शेवटपर्यंत लेकीच्या घरच्या पाण्याला शिवली नाही. युरोपात जाऊन राहिली तरी नाही शिवली. हे सगळं रूपालीसमोर बोलतात. तुमची लेक, माझी सून, तिथंच भिंतीला टेकून बसलेली असते आणि या तिच्याकडे बघत बघत मान डोलावतात. रूपालीला एकटं टाकवत नाही म्हणून मी अजून धरणगावात आहे, नाहीतर पहिल्याच दिवशी शिंदखेड्याची गाडी धरली असती.

हे सगळं त्यांच्या तोंडी घालतात तुमच्या मोठ्या जाऊबाई, अक्का. आलेल्या प्रत्येकीला त्या पहिल्यापासून सांगतात आणि शेवटी काय झालं ते बरोबर गाळतात. तुम्ही त्या वेळी तिथं होता आणि नव्हताही. म्हणून म्हटलं, तुम्हाला तरी कुणीतरी नीट सांगावं. तुम्ही कशा गेलात ते मी लिहीत नाही, ते या घरात दिवसभर चालूच असतं. आणि तुमची स्तुतीही लिहीत नाही. ती तुमच्या अक्का करताहेत.

मला किळस सहजासहजी येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. अख्खी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली. पू पाहिला, जंत पाहिले, चिघळलेल्या जखमांतून अळ्या वेचल्या आणि घरी येऊन, हात धुऊन, शेवभाजी पोटभर खाल्ली. माझ्या निलेशचे बाबा म्हणायचे, तुझ्या पोटात काही हलतं की नाही. आता त्यांना सांगते की हललं, पण त्यासाठी मला युरोपात जावं लागलं आणि बरोबर तुम्ही असाव्या लागल्यात.

ही रीत मला नवी नव्हती. मुलीच्या मांडीवर मूल खेळेपर्यंत तिच्या आईबापांनी तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. माझी आई माझ्याकडे आली की पाण्यासाठी शेजारी जायची. भर उन्हात, डोक्यावर पदर ओढून, दोन घरं ओलांडून. निलेशच्या बारशाला आली तेव्हा मात्र तांब्याभर पाणी गटागटा प्याली आणि हसली. मला तेव्हाही ते आवडलं नव्हतं, पण वाटलं, तिच्याबरोबर ही रीतही गेली. आता कोण पाळतंय. मुलीकडचे लोक आता मुलीच्या घरी येऊन फ्रिज उघडतात.

तर निलेश-रूपालीच्या लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात ते पिशवीत पाण्याची बाटली घेऊनच. मी सरबत पुढं केलं, तुम्ही हात जोडलेत. मी विचारलं, आमच्या घरात विष आहे का. तुम्ही हसून म्हणालात, "याहीनबाई, हाऊ तुमनाच मान शे." मला याहीन म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच. बाकी सगळे विहीणबाई नाहीतर सिस्टर म्हणतात. मी म्हटलं, मान माझा आहे ना, मग मी तो सोडून दिला, घ्या सरबत. तुम्ही नाही घेतलंत. त्या ग्लासात माशी पडली आणि मी तो मोरीत ओतला. आपल्या नात्याची ही सुरुवात.

पुढं वर्षं गेली. निलेश नरडाण्याच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून बेल्जियमला गेला, रूपालीही गेली. मूल झालं नाही. आधी नाशिकचे डॉक्टर झाले, मग तिथले झाले, इंजेक्शनं झाली, ऑपरेशन झालं. शेवटी तिथल्या डॉक्टरनं दोघांना समोर बसवून सांगितलं की आता नको. निलेशनं मला फोनवर एवढंच सांगितलं. त्यानंतर मी तो विषय कधी काढला नाही. शहाण्या सासूनं काढू नये. आजूबाजूच्या सासवा बघता मला माझ्या या गप्प राहण्याचा थोडा अभिमानही होता.

मग निलेशनं आपल्याला तिकडे बोलावलं. आमचे हे विमानाला घाबरतात, तुमचे यजमान केव्हाच गेलेले, म्हणून आपण दोघीच निघालो. लूवेन हे त्यांचं गाव ब्रसेल्सच्या जवळ. सुंदर, स्वच्छ, थंड. रूपालीनं आईसाठी नवी गादी, नवी चादर, नवे कप घेऊन ठेवले होते. तुम्ही मात्र बॅगेतून ज्वारीचं पीठ काढलंत, तवा काढलात, आणि तिच्याच गॅसवर स्वतःच्या पिठाची भाकरी थापलीत. पीठ माझं, तवा माझा, आग काय कुणाचीही असते, असा तुमचा हिशेब. पाणी तुम्ही कोपऱ्यावरच्या बागेतल्या नळावरून आणत होतात. त्या नळाखाली लोक कुत्र्यांना पाणी पाजतात. मी माझ्या डोळ्यांनी एक कुत्रा त्या तोटीला जीभ लावताना पाहिला, तुम्हाला सांगितलं, तुम्ही बाटली धुऊन तिथंच भरलीत. पायात मोजे आणि स्पोर्ट शूज, वर नऊवारी, डोक्याला माकडटोपी, हातात बाटल्यांची पिशवी. तिथले लोक वळून बघायचे. मला ओकारी यायची.

पण खरी ओकारी सकाळी यायची. रोज सकाळी रूपाली पेला घेऊन तुमच्यासमोर यायची आणि विचारायची, "माय, पाणी देऊ?" तुम्ही रोज म्हणायचात, तहान नाही बेटा. ती तो पेला घेऊन परत स्वयंपाकघरात जायची आणि आमच्याकडे पाठ करून सिंकपाशी उभी राहायची. तुला मूल नाही, असं एखादीला तोंडावर सांगायला माणसं आपल्याकडे कमी नाहीत. पण आईनं रोज सकाळी, उठल्या उठल्या, हसत हसत सांगावं, हे मी कुठल्या वॉर्डातही पाहिलं नव्हतं. आणि ही वेडी पोरगी दुसऱ्या दिवशी परत पेला घेऊन हजर. मला दोघींचा राग यायचा, तिचा थोडा आणि तुमचा भरपूर.

हॉट चॉकलेट यातूनच आलं. कडाक्याची थंडी, घरात चहा प्यायचा नाही, आणि बाहेर चहा मागितला तर कपभर गरम पाणी आणि दोरीला लटकलेली पुडी. कॉफीचा तुम्हाला वास सहन होत नव्हता. राहिलं हे. चौकातल्या दुकानात तुम्ही शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवलंत आणि वेटरनं उंच ग्लासात वाफाळतं दूध आणि वाटीत चॉकलेटचे तुकडे आणून ठेवले. तुम्ही एकेक तुकडा टाकून ढवळत बसलात. तोवर दुधावर साय धरली, तपकिरी, सुरकुतलेली. ती तुम्ही बोटानं उचललीत आणि तोंडात टाकलीत. मी खिडकीबाहेर बघायला लागले. तुम्ही ग्लास संपवलात, तळाचा गाळ चमच्यानं खरवडलात आणि म्हणालात की हे बरं आहे, पण याहून चांगलं कुठंतरी नक्की मिळत असेल.

झालं. त्या दिवसापासून तुम्ही युरोप बघितलाच नाहीत. तुम्ही हॉट चॉकलेट शोधलंत. निलेशनं सुट्ट्या काढून फिरवलं, मग आपल्याला बसच्या सहलीत बसवून दिलं. त्या बसमधले लोक चर्च आणि राजवाडे बघत होते आणि तुम्ही मला ओढत गल्ल्यांतून नेत होतात. गाइड बोलत असायची आणि तुमचं लक्ष तिच्या मागच्या दुकानाच्या काचेवर. पैसे तुम्ही तुमच्या बटव्यातून द्यायचात. निलेशनं दिलेलं कार्ड मी काढलं की माझा हात धरायचात, कारण लेकीच्या घरचा पैसा आणि लेकीच्या घरचं पाणी एकच. प्यायचं मला असो नसो, माझ्यापुढंही एक ग्लास येणारच.

ब्रसेल्सला मिळालं ते काळं आणि काढ्यासारखं कडू. तुम्ही शेजारच्या रिकाम्या टेबलांवरच्या साखरेच्या पुड्या गोळा करून आणल्यात आणि सगळ्या त्यात रिकाम्या केल्यात. पॅरिसला चिनी मातीच्या सुरईत आलं. इतकं दाट की ओतताना धार तुटत नव्हती, आणि वेटर असा काही चेहरा करून उभा की आपण त्याच्या घरचं चोरून पितोय. सुरईच्या तळाशी राहिलेलं तुम्ही पावाच्या तुकड्यानं पुसून घेतलंत, त्यानं ते पाहिलं, आणि मी मान खाली घालून पर्समध्ये नसलेली वस्तू शोधत बसले. इटलीत तूरिनला चमचा उभा राहील असं आलं. मी म्हटलं, हे पेय नाही, हा कुरडयांचा चीक आहे, यात फक्त जिरं राहिलंय. तुम्ही एवढ्या हसलात की तुमच्या तोंडातला घोट माझ्या नव्या स्वेटरवर उडाला. तो डाग अजून आहे. काल इथं तो स्वेटर घालायला काढला आणि परत ठेवून दिला.

व्हिएन्नात तुम्ही हरखलात. तिथं ग्लासावर मलईचा एवढा मोठा ढीग, आणि वाढणारा माणूस लग्नातल्या नवरदेवासारखा काळा कोट घालून. ग्लासात तुमचं नाक बुडालं, वर आलात तेव्हा ओठावर पांढऱ्या मिशा. मी रुमाल पुढं केला, तुम्ही तो बाजूला सारून जिभेनंच सगळं साफ केलंत आणि निकाल दिलात की आतापर्यंतचं हेच. मी म्हटलं, ती नुसती साय आहे, चॉकलेट कुठंय. यावरून आपण बसमध्ये सीमा ओलांडेपर्यंत भांडलो. पुढं इथं आल्यावरही फोनवर भांडत राहिलो. तुम्ही व्हिएन्ना म्हणायचात, मी म्हणायची एकही नाही, सगळी नासाडी. हे भांडण मिटलेलं नाही आणि मी माझं म्हणणं मागं घेतलेलं नाही.

लूवेनला परत आलो की रविवारी रूपाली घरी चॉकलेट करायची. वडी किसून दुधात मंद आचेवर, वर किंचित जायफळ. सगळं घर त्या वासानं भरून जायचं. निलेश आणि मी टेबलाशी बसून प्यायचो. तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून बसायचात, मांडीवर रिकामे हात ठेवून. रूपाली पातेलं धुवायला घ्यायची तोपर्यंत तिथून हलत नव्हतात. घराबाहेर पडून गावोगाव तेच शोधायचं आणि घरात उकळतंय ते नाकानं प्यायचं. असल्या ढोंगाचा मला संताप यायचा.

मग ते स्वित्झर्लंडचं डोंगरावरचं स्टेशन. बर्फ बघून सगळे खाली उतरायच्या गाडीची वाट बघत होते. तिथल्या टपरीवर पुडीतली पावडर गरम पाण्यात घालून कागदी कपात दिली. आख्ख्या प्रवासातलं सगळ्यात घाणेरडं. पावडरीच्या गुठळ्या वर तरंगत होत्या, आणि तुम्ही त्या लाकडी काडीनं कपाच्या भिंतीवर दाबून फोडत होतात. एकेक, शांतपणे, जसं काही कुणाची घाई नाही. मला ते बघवेना. सकाळचा रूपालीचा पेला डोळ्यासमोर आला आणि मी बोलून गेले. म्हटलं, "विहीणबाई, ती रोज पाणी विचारते आणि तुम्ही रोज तिला सांगता की तू वांझ आहेस. तुम्ही आई आहात की कोण आहात?"

तो शब्द मी आयुष्यात कुणासाठी वापरला नव्हता. तुम्ही काडी थांबवलीत. मला वाटलं आता रडाल नाहीतर उठून जाल. तुम्ही कपात बघत म्हणालात, "मी घोट लिधा म्हंजे मी आस सोडी दिधी, आसं व्हई ना याहीनबाई."

मग हळूहळू सांगितलंत. रूपालीच्या लग्नानंतरच्या वर्षी तुम्ही घरच्या कानबाईपुढं बोलला होतात की नातवंड मांडीवर घेईन तेव्हाच लेकीच्या घरचं पाणी पिईन. तेव्हा ती साधी रीतच होती, देवीपुढं बोलायचं म्हणून बोललात. पण डॉक्टर नाही म्हणाले, जावई नाही म्हणाला, सगळ्यांनी हात टेकले, तेव्हा तुमच्याजवळ तेवढं एकच राहिलं. पाणी प्यायलं नाही म्हणजे अजून काही संपलेलं नाही. मी म्हटलं, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तुम्ही म्हणालात, डॉक्टरांना काय ठाऊक. आणि मग माझ्याकडे असं बघितलंत, जसं वॉर्डातले नातेवाईक बघायचे. डॉक्टरनं नाही म्हटलं की ते आमच्याकडे यायचे, सिस्टर तुम्ही सांगा ना, तुम्ही सांगा. त्या नजरेला मी आयुष्यभर कंटाळले होते. खोटी आशा चिकट असते, एकदा हाताला लागली की धुऊन जात नाही. आपल्या लेकीच्या घरात बसून कुणी ती जपत असेल असं मला वाटलं नव्हतं.

तुम्ही वर बजावलंत, "रूपालीले सांगू नका. तिना जीववर वझं व्हई." मी म्हटलं, ओझं तर तुम्ही रोज ठेवताच आहात, सांगितलं तर निदान ती तुम्हाला दुष्ट तरी समजणार नाही. तुम्ही म्हणालात, समजू दे. आणि कप उचलून ते गुठळ्यांचं पाणी पिऊन टाकलंत, तोंड वाकडं केलंत, आणि अगदी वेगळ्याच आवाजात म्हणालात, "बठ्ठास्मा भारी रूपालीनं शे. वासवरथीन समजस."

म्हणजे सगळ्यांत भारी रूपालीचं, हा निकाल केव्हाच लागला होता. व्हिएन्नाचं तुम्ही नुसतं माझ्याशी भांडायला धरून ठेवलं होतं. मी माझा भरलेला कप कचऱ्याच्या डब्यात टाकला. गाडी आली. खाली उतरेपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही, आणि वळणावर तुमचा तोल गेला तेव्हा हात मात्र धरला.

मी शब्द पाळला, रूपालीला सांगितलं नाही. पण इकडे आल्यावर तुम्हाला सोडलंही नाही. तुमचा धरणगावहून फोन आला की पाऊस, कापूस, अक्कांचे गुडघे झाले की मी त्याच विषयावर यायची. दिवाळीत पोरं येणार आहेत, माझ्या घरी उतरणार आहेत, रूपाली माझ्या गॅसवर चॉकलेट करेल, घर माझं आहे, तुमच्या नवसात माझं घर येत नाही, एक कप प्या. तुम्ही म्हणायचात, सून तुमनी, घर तुमनं, ते तिनंच घर. वकिलाला हरवलं असतंत. शेवटच्या फोनवर मी चिडून म्हटलं की या वेळी प्यायला नाहीत तर मी तुमच्याशी बोलणार नाही. तुम्ही म्हणालात, देखू. तेवढंच. मी फोन ठेवला, आणि तुम्ही दिवाळीआधीच गेलात. न बोलण्याची पाळी कुणावर आली, बघा.

आता ते सांगते, जे अक्का गाळतात.

पोरं यायला वेळ होता म्हणून तुम्हाला बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं. मी आदल्या दिवशीच पोचले. तुमचं तोंड पुसलं, केस विंचरले, ते काम मला येतं. निलेश-रूपाली मुंबईहून गाडी करून आले तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती आणि पुरुष मंडळी घड्याळ बघत होती. तुम्हाला पेटीतून काढून खाली घेतलं. पाणी पाजायला सुरुवात झाली. एकेक जण वाकत होता, तुळशीच्या पानानं तुमच्या ओठांवर पाण्याचा थेंब सोडत होता. अक्का उशाशी बसून कोण झालं कोण राहिलं ते बघत होत्या. भावकीतल्या, गल्लीतल्या, कापसाच्या जिनिंग मिलमधल्या बायकाही झाल्या. ज्यांच्याशी तुम्ही वर्षानुवर्षं बोलत नव्हतात त्याही वाकल्या.

रूपालीची पाळी आली. ती गुडघ्यावर बसली, फुलपात्र घेतलं, पान बुडवलं. अक्कांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "आंडेरना हातनं पानी ती जिवतपणी पिनी नही. आते काबर बाटाडतस तिले?" म्हणे, लेकीच्या पाण्यानं आई बाटते.

मी दवाखान्यात माणसं मरताना पाहिली, त्यांच्या उशाशी दागिन्यांवरून भांडणारे पाहिले. पण असं काही पाहिलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे आजूबाजूच्या बायका मान डोलवायला लागल्या. खरंच की, म्हणाल्या. तिचा नेम होता, कशाला मोडता. गुरुजीही खाली बघून दर्भ निवडत राहिले. निलेश दारात बूट काढत होता, त्याला आत काय चाललंय ते कळलंच नाही. रूपालीचा हात तुमच्या तोंडावर तसाच अधांतरी, आणि पानावरून थेंब चटईवर पडत होते. मला एवढी घाण वाटली की वाटलं, उठून सगळ्यांना अंगणात हाकलावं.

मी तुम्हाला दिलेला शब्द मोडला, विहीणबाई. मोठ्यानं मोडला. म्हटलं, अक्का, हात काढा. तिनं पाणी का घेतलं नाही ते तुम्हाला माहीत नाही. लेकीला मूल नाही म्हणून तिनं पाणी नाकारलं नव्हतं. लेकीला मूल होईल म्हणून ती थांबली होती. सगळ्यांनी सोडलं तरी ती थांबली होती. मग मी रूपालीकडे वळले आणि म्हटलं, तुला सांगू नको असं तिनं मला बजावलं होतं, पण आता ऐक.

रूपालीनं माझ्याकडे बघितलं. रडून डोळे सुजलेले, पण आवाज अगदी साधा. म्हणाली, "मला माहीत आहे, मम्मी. ती कानबाईपुढं बोलली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तिला वाटायचं मला माहीत नाही."

मी विचारलं, मग रोज पाणी कशाला विचारत होतीस.

"तिनं नको म्हणावं म्हणून," ती म्हणाली. "ती नको म्हणाली की मला बरं वाटायचं. निलेशनं सोडलं होतं, मी सोडलं होतं. तुम्ही पण सोडलं होतं मम्मी, तुम्ही तर कधी विचारलं पण नाही. एकटी आईच थांबली होती. ती एखाद्या दिवशी हो म्हणेल याचीच मला भीती वाटायची."

सिंकपाशी पाठ करून ती उभी राहायची तेव्हा मी तिचा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्या सगळ्या सकाळी मी तुमच्याकडे रागानं बघण्यात घालवल्या. तुम्हा दोघींचं त्या पेल्यावर काय चाललं होतं, ते माझ्यासमोर रोज घडत होतं आणि मला त्याची किळस येत होती.

अक्कांचा हात अजून तिच्या मनगटावर होता. रूपालीनं तो ओढून घेतला नाही, झटकला नाही. दुसऱ्या हातानं हळूच उचलून अक्कांच्याच मांडीवर ठेवला. तुळशीचं पान तिनं बाजूला ठेवलं आणि फुलपात्रच तुमच्या ओठांना लावलं. सासरी गेल्यापासून शुद्ध बोलणारी ती पोरगी वाकली आणि तुमच्या कानाशी म्हणाली, "माय, आते वाट नको देखू."

पाणी तुमच्या ओठांवरून गालावर आलं, तिथून मानेवर, नव्या लुगड्याच्या काठात जिरलं. पाणी आत जात नसतं, हे त्या खोलीत माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. तरी विहीणबाई, ते फुलपात्र रिकामं होईपर्यंत मी तुमच्या गळ्याकडे बघत राहिले.